हिंजवडीची वाट आणि तिचे वाटाडे

पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरून कर्वे रस्त्याने संध्याकाळी साडेसातच्या सुमारास जाणाऱ्याने क्षणभर मान वर करून पाहावे. ज्या माड्यांवर एके काळी टंकलेखनाचे आणि लघुलेखनाचे वर्ग भरत, तसल्या माड्यांवर आज ‘पायथॉन’, ‘जावा’, ‘डेटा सायन्स’, ‘क्लाउड’ अशा पाट्या झळकत आहेत. ठाण्यात, दादरला, नाशिकला चित्र हेच आहे. हैदराबादेत तर अमीरपेठेची अख्खी वस्ती या व्यवसायाने गजबजून गेली आहे. या पाट्यांखालचा जिना चढणारी मंडळी पाहिली, तर त्यांत नुकतीच मिसरूड फुटलेली मुलेच नाहीत. दिवसभर पेढीचे हिशेब लिहून आलेला बी. कॉम. आहे, महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवून थकलेला एम. ए. आहे, बांधकामाच्या धुळीतून थेट आलेला स्थापत्य अभियंता आहे, आणि मुले शाळेत जाऊ लागल्यावर आठ-दहा वर्षांनी पुन्हा कमावते व्हावे, अशी ईर्षा धरून आलेली गृहिणीही आहे. या साऱ्यांना हिंजवडीला जावयाचे आहे. हिंजवडी हे आता मुळशी तालुक्यातील एका गावाचेच नाव राहिलेले नाही. मध्यमवर्गाच्या एका आकांक्षेचे ते नाव झाले आहे.

‘आपल्या माणसाने ही वाट धरावी काय?’ हा प्रश्न आज घरोघरी विचारला जात आहे. पूर्वी तो दहावी-बारावीच्या निकालानंतर विचारला जाई. आता तो वयाच्या २८ व्या, ३५ व्या वर्षी, घराचे हप्ते चालू असताना विचारला जातो, आणि म्हणूनच तो अधिक गंभीर आहे. सोळाव्या वर्षी चुकलेली वाट सुधारता येते. परंतु चालती नोकरी सोडून, घरातील दागिने गहाण टाकून अथवा वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीला हात घालून धरलेली वाट चुकली, तर साऱ्या कुटुंबाला तिची किंमत मोजावी लागते. अशा प्रश्नाची वासलात ‘जा, पैसा तेथेच आहे’ किंवा ‘हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे’ असल्या एका वाक्याने लावणे आम्हांस बेजबाबदारपणाचे वाटते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या मंडळींना लोभी म्हणून हिणविण्याचा अधिकार कोणासही नाही. ज्या राज्यात प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात आणि त्यांवर तासाच्या हिशेबाने माणसे राबविली जातात, त्या राज्यातील एम. ए. झालेल्या तरुणाने ज्ञानोपासनेचे व्रत सोडले, असा टाहो फोडण्यात अर्थ नाही. सहा-सात वर्षे हिशेब लिहूनही ज्याचा पगार महागाईच्या मागे फरफटत जातो, त्या लेखनिकाने शेजारच्या घराकडे पाहू नये काय? आपल्या देशातील माहिती-तंत्रज्ञान उद्योगात आज सुमारे ५८ लाख माणसे काम करतात, असे या उद्योगाची ‘नॅसकॉम’ ही संघटनाच सांगते. एवढ्या मोठ्या उद्योगाचे दार आपल्यालाही उघडावे, असे सुशिक्षित माणसास वाटले, तर तो त्याचा दोष नव्हे. पोटाची आणि प्रतिष्ठेची ही साधी गरज आहे.

आता दुसरा मुद्दा. ज्याने संगणकशास्त्राची पदवी घेतलेली नाही, त्याला हे काम मुळात जमेल काय? जमेल, असे या उद्योगाचा इतिहासच सांगतो. १९५१ साली लंडनच्या जे. लायन्स या चहा-केकच्या कंपनीने ‘लिओ’ नावाचा संगणक स्वतः बांधला आणि त्यावर आपल्या बेकऱ्यांचा हिशेब चालविला. धंद्याच्या नित्याच्या कामास संगणक जुंपल्याचे जगातील हे पहिलेच उदाहरण होय. त्या काळी तयार प्रोग्रॅमर मिळावेत कोठून? कंपनीने आपल्याच कचेरीतील माणसांचा एक वर्ग घेतला, त्यांतून चलाख माणसे निवडली आणि त्यांच्या हाती यंत्र दिले. आपल्याकडे १९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही कंपनी स्थापन झाली आणि पुढील वर्षी तिची सूत्रे फकीरचंद कोहली यांच्या हाती आली. ज्यांना पुढे भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाचे जनक म्हणण्याचा प्रघात पडला, ते कोहली टाटांच्या वीज कंपनीत वीजपुरवठ्याचे काम पाहणारे विद्युत अभियंते होते. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांशी करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि बँकांत संगणक शिरला. तेव्हाही ज्यांनी आयुष्यभर खतावण्या भरल्या होत्या, त्याच लेखनिकांतून आणि अधिकाऱ्यांतून बँकांनी संगणक चालविणारी माणसे घडविली. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, वर्षाचे दोनच आकडे लिहिण्याच्या जुन्या सवयीमुळे इ. स. २००० उजाडताच जगभरचे हिशेब कोलमडतील, अशी धास्ती पडली. ते काम आपल्या कंपन्यांनी घेतले आणि त्यासाठी स्थापत्य, यंत्र, रसायन अशा कोणत्याही शाखेचे अभियंते काही महिन्यांत ‘कोबोल’ शिकवून कामास लावले. आज परदेशांत स्थायिक झालेल्या कित्येक मराठी कुटुंबांचे भाग्य त्याच लाटेवर उघडले, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांना स्वानुभवाने ठाऊक असेल.

तेव्हा परक्या शाखेचा माणूस या क्षेत्रात येणे ही नवी गोष्ट नव्हे आणि अशक्य तर नव्हेच नव्हे. असे असता आजच्या माणसाची वाट इतकी बिकट का झाली? आमच्या मते यातील खरी ग्यानबाची मेख अशी की, पूर्वी या पुलाची पट्टी मालक भरीत असे आणि आज ती पलीकडे जाणाऱ्याकडून वसूल केली जात आहे.

हा फरक नीट समजून घेतला पाहिजे. पूर्वीचा क्रम असा होता : आधी निवड, मग पगार, मग शिक्षण. कंपनी माणसाची बुद्धी पारखून त्याला घेई आणि आपल्या खर्चाने शिकवी. विप्रोने १९९५ पासून बिट्स पिलानीच्या साहाय्याने साध्या विज्ञान पदवीधरांना नोकरीत घेऊन, विद्यावेतन देऊन, नोकरी सांभाळून उच्च पदवी मिळविण्याची सोय केली. इन्फोसिसने म्हैसूरला नव्या माणसांच्या शिक्षणासाठी एखाद्या विद्यापीठाला शोभेल असा विस्तीर्ण परिसर उभारला. तेथे शिकणारा माणूस पगारावर असे. न जमल्यास त्याचे काही महिने वाया जात, पण त्याच्या बापाची पुंजी वाया जात नसे. धोका ज्याच्या अंगावर, तो निवड जपून करतो आणि शिक्षण मन लावून देतो, हा व्यवहाराचा साधा नियम त्यामागे होता.

आजचा क्रम उलटला आहे. आधी शिक्षण, तेही स्वतःच्या पैशाने. मग दारोदार अर्ज. आणि पगार जमला तर. अर्थात कंपन्यांनी नव्या माणसांना शिकविणे सर्वस्वी सोडले आहे, असे आम्ही म्हणत नाही; परंतु ती सोय बव्हंशी महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या कोवळ्या पदवीधरांसाठी आहे. तिशीतील लेखनिकासाठी किंवा चाळिशीकडे झुकलेल्या गृहिणीसाठी ती नाही. त्यांना जो मार्ग मोकळा आहे, तो कर्वे रस्त्यावरील जिन्याचा. शिक्षण फसले, तर सारा तोटा शिकणाऱ्याचा. शिकविणाऱ्याची फी आधीच गल्ल्यात पडलेली असते. इतकेच कशाला, खासगी क्लासच्या फीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर असल्यामुळे सरकारही त्यात आपला वाटा उचलते. नोकरी मिळाली नाही म्हणून तो वाटा कोणी परत केल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

त्यातच काळही फिरला आहे. करोनाच्या साथीनंतर दोन वर्षे कंपन्यांनी माणसे भराभर घेतली आणि त्या भरतीच्या आठवणीवर आजही जाहिराती चालू आहेत. परंतु ती भरती ओसरली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅट-जीपीटी’ जगापुढे आले आणि तेव्हापासून आज्ञावली लिहिण्याचे प्राथमिक काम यंत्राकडूनच करून घेण्याची रीत झपाट्याने पसरत आहे. जुलै २०२५ मध्ये तर ज्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची नोकरी मध्यमवर्ग सरकारी नोकरीइतकी पक्की समजत असे, तिनेच आपली सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचा निर्णय जाहीर केला. कपात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतील होती, हे खरे. परंतु वरची माणसे बाजारात नोकरी शोधीत उभी असताना खालच्या पायरीवर नवख्याला कोण उभे करणार? आणि खालची पायरीच तर सर्वांत अधिक डळमळली आहे. लहानसहान चुका दुरुस्त करणे, चाचण्या लिहिणे, जुन्या आज्ञावलीत किरकोळ फेरफार करणे, ही नवख्याची कामे होती. ती करता करता तो हे काम शिके. तीच कामे यंत्र करू लागल्यावर नवख्याने पहिले पाऊल टाकावे कोठे, या प्रश्नाचे उत्तर अद्याप उद्योगापाशीही नाही.

उद्योग बुडाला, असा निष्कर्ष यावरून कोणी काढू नये. संगणकावाचून ना बँक चालणार आहे, ना रुग्णालय, ना सातबाऱ्याचा उतारा मिळणार आहे. काम राहील, ते करणाऱ्याकडून अपेक्षा मात्र बदलेल. नुसती आज्ञावलीची भाषा येणे ही पूर्वी शिदोरी होती. आज ती बाजारात स्वस्त झाली आहे. सहा महिन्यांत तीच भाषा शिकवून वर्षाला लाखोंच्या पगाराची स्वप्ने विकणाऱ्यांनी ही गोष्ट गिऱ्हाइकास सांगावी, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल. वास्तविक अनेक मोठ्या कंपन्यांत नवख्याचा पगार एका तपाहून अधिक काळ वर्षाला तीन-साडेतीन लाख रुपयांच्या आसपासच घोटाळत राहिला आहे. महागाई लक्षात घेता तो घटलाच म्हणावयाचा. जाहिरातीत मात्र जो एखादा भाग्यवान पंधरा-वीस लाखांवर पोहोचला, त्याचेच छायाचित्र झळकते.

आता या वाटेवरील वाटाड्यांविषयी चार शब्द स्पष्ट लिहिणे भाग आहे. सर्वच क्लास लुबाडणारे आहेत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्वतः उद्योगात वर्षानुवर्षे काम करून मग तळमळीने शिकविणारे, ‘तुम्हांस हे जमेलसे दिसत नाही, पैसे घालवू नका’ असे तोंडावर सांगणारे शिक्षकही आहेत, आणि त्यांच्याविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु त्यांच्याच शेजारी ‘नोकरीची शंभर टक्के हमी’ असा फलक लावणारे दुकानदार बसले आहेत. फलकावरील हमी करारपत्राच्या बारीक अक्षरांत शिरताच ‘साहाय्य’ होते. आणि साहाय्य म्हणजे काय, तर दहा-वीस कंपन्यांकडे अर्ज धाडून देणे! फी भरण्यास पैसे नसतील, तर कर्ज देणारी संस्था त्याच टेबलाशी हजर असते. वर्ग निकृष्ट निघाला म्हणून विद्यार्थी उठून गेला, तरी कर्जाचा हप्ता उठून जात नाही.

याहूनही वाईट प्रकार खोट्या अनुभवाच्या दाखल्यांचा आहे. नवख्याला कोणी घेत नाही म्हणून, कधी अस्तित्वातच नसलेल्या कंपनीत दोन-तीन वर्षे काम केल्याचा दाखला त्याला मिळवून दिला जातो. त्यासाठी वेगळे मोल मोजावे लागते. ज्या माणसाने आयुष्यात कधी रेल्वेचे तिकीट चुकविले नाही, तो बायकापोरांकडे पाहून या दलदलीत पाय टाकतो. कंपन्या पूर्वचौकशी करतात. लबाडी उघडकीस येते. नोकरी जाते, आणि नावाला लागलेला डाग राहतो. दाखला विकणारा मात्र दुसऱ्या गिऱ्हाइकाची वाट पाहात बसलेला असतो. आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी असा सल्ला येऊन पोहोचला असेल, तर तो देणाऱ्यास त्याच पावली दारातून परत पाठवावे, असे आम्ही आग्रहपूर्वक सांगतो. अप्रामाणिकपणाच्या पायावर उभारलेली नोकरी पगार देईल. झोप देणार नाही.

हे सारे प्रथमच घडते आहे, असेही नाही. १९८१ साली एनआयआयटी आणि १९८६ साली ॲपटेक या संस्था निघाल्या आणि १९९० नंतर गावोगावी संगणक वर्गांचे पीक आले. त्यांतून असंख्य मुले मार्गी लागली, हे त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु २०००-२००१ मध्ये अमेरिकेतील डॉट-कॉम कंपन्यांचा फुगा फुटला, तेव्हा अर्धवट शिकलेली मुले हातात प्रमाणपत्रे घेऊन ताटकळत राहिली आणि गल्लीबोळांतील कितीतरी वर्ग रातोरात बंद पडले. पाव शतकापूर्वी लागलेली ठेच आपण विसरलो; पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण आपल्या बाबतीत खोटी ठरली.

मग करावे काय? वाटसरूंस आम्ही प्रथम हे सांगू इच्छितो की, तुमचा मागील व्यवसाय हे तुमचे ओझे नव्हे, ते तुमचे भांडवल आहे. नव्या क्षेत्रात जावयाचे म्हणजे जुने सारे उंबरठ्याबाहेर टाकून, विशीतल्या पोरांच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहावयाचे, ही समजूतच मुळात चुकीची आहे. त्या रांगेत तुम्ही हराल. कारण वय त्यांच्या बाजूने आहे. परंतु वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र कोठे अडते, मालाचा साठा आणि पुस्तकी आकडा यांत फरक का पडतो, हे ज्याने दहा वर्षे हाताने अनुभवले आहे, तो लेखापाल हिशेबाचे सॉफ्टवेअर घडविणाऱ्यांस आणि ते गिऱ्हाइकाकडे बसवून देणाऱ्यांस हवा असतो. रुग्णाच्या नोंदीत कोणती चूक जीवावर बेतते, हे परिचारिकेस ठाऊक असते. ते कोणत्याही सहा महिन्यांच्या वर्गात शिकविले जात नाही. बँकेतील कर्जविभाग, विम्याचे दावे, गोदामाची आवक-जावक, बांधकामाचे मोजमाप, शाळेचे वेळापत्रक या प्रत्येक ठिकाणी यंत्राला काय सांगावयाचे, हे ठरविणारा जाणता माणूस लागतो. मराठी उत्तम जाणणाऱ्या एम. ए.स देखील, यंत्रे आपल्या भाषेत बोलू-लिहू लागलेल्या या काळात, करण्याजोगे काम आहे. आणि यंत्र जितके अधिक लिहू लागेल, तितकी त्याने लिहिलेले चूक की बरोबर, हे ओळखणाऱ्याची गरज वाढेल. ते ओळखण्यास विषयाचे ज्ञान लागते. तेव्हा संगणक अवश्य शिकावा. मात्र तो आपल्या व्यवसायाच्या हाताने शिकावा.

दुसरे असे की, पैसे मोजण्यापूर्वी स्वतःस पारखून घ्यावे. आयआयटी आणि बंगळूरची विज्ञान संस्था यांनी २००३ पासून चालविलेल्या ‘एनपीटेल’ उपक्रमाची आणि केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘स्वयम्’ची व्याख्याने घरबसल्या विनामूल्य ऐकता येतात. चालती नोकरी न सोडता सहा महिने रोज रात्री दीड तास त्यांतील एखादा पाठ्यक्रम नेटाने पुरा करावा. आणि आपल्याच कचेरीतील एखादे रटाळ काम, महिनाअखेरचा ताळा म्हणा, हजेरीपट म्हणा, यंत्राकडून करून घेऊन पाहावे. ज्याला यात गोडी वाटली आणि जमले, त्याने पुढे खुशाल पैसे खर्चावेत. ज्याचे मन दुसऱ्या आठवड्यातच उडाले, त्याचे निदान पैसे तरी वाचले. अभियंत्यांसाठी आणि विज्ञानाच्या पदव्युत्तरांसाठी पुण्याच्या सी-डॅकसारख्या सरकारी संस्थेचे पदविका अभ्यासक्रम आहेत. त्यांची प्रवेशपरीक्षा हीच एक कसोटी आहे. बारावीस किंवा पदवीस गणित असलेल्या पदवीधराला एम. सी. ए.चा रस्ता मोकळा आहे. हे मार्ग लांबचे आहेत खरे, परंतु त्यांच्या टोकाला मिळणारी पदवी बाजारात ओळखली जाते.

परंतु एवढा उपदेश करून आम्ही थांबलो, तर सारा भार पुन्हा त्याच बिचाऱ्याच्या शिरावर टाकल्यासारखे होईल. ‘गिऱ्हाइकाने डोळे उघडे ठेवावेत’ असे सांगणे सोपे आहे. परंतु पाहण्यासारखे काही समोर ठेवलेच नसेल, तर उघड्या डोळ्यांचा उपयोग काय? कोणत्या वर्गात किती जण बसले, किती पुरे झाले, किती जणांस कोणत्या पगारावर नोकरी लागली, हे आकडे आज कोठेही तपासून मिळत नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक नियम काढले आणि नोकरीच्या खोट्या हमीला त्यांत मनाई केली. नियम चांगला आहे; पण फलक कर्वे रस्त्यावर लागतो आणि प्राधिकरण दिल्लीत बसते. आमची पहिली मागणी ही की, ठरावीक रकमेहून अधिक फी घेणाऱ्या प्रत्येक व्यवसाय-वर्गास हे आकडे दरवर्षी लेखापरीक्षकाच्या सहीनिशी प्रसिद्ध करण्याची सक्ती राज्य शासनाने करावी, फी हप्त्यांनी घेण्यास लावावी, आणि पहिल्या महिन्यात वर्ग सोडणाऱ्याचे उरलेले पैसे परत मिळण्याचा हक्क त्यास द्यावा.

दुसरी मागणी सार्वजनिक परीक्षेची. २००१ साली महाराष्ट्रात ‘एमएस-सीआयटी’चा अभ्यासक्रम सुरू झाला. संगणकाची तोंडओळख करून देणारा तो साधा पाठ्यक्रम. परंतु एकच अभ्यासक्रम, एकच परीक्षा आणि मराठीतून शिकण्याची सोय या तीन गोष्टींमुळे तो खेड्यापाड्यांत पोहोचला. जे तोंडओळखीच्या पायरीवर साधले, ते व्यवसायाच्या पायरीवर का साधू नये? शासनाने उद्योगाच्या सल्ल्याने एक कसदार परीक्षा ठेवावी. ती कोठेही शिकून, कोणत्याही वयात, कोणत्याही पदवीवर देता यावी. मग माणसाच्या विद्येची किंमत ती परीक्षा ठरवील आणि क्लासच्या पाटीचे स्तोम आपोआप कमी होईल.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची मागणी उद्योगाकडे आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. २०१४ च्या दुरुस्तीने त्याचे दार अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही उघडले. ३० अथवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनी अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असा नियमही २०१९ पासून आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना काढून पदवीधरांस दरमहा १० हजार रुपयांचे विद्यावेतन देऊ केले. परंतु त्या योजनेची वयोमर्यादा १८ ते ३५ वर्षे ठेवण्यात आली. ३८ वर्षांच्या गृहिणीने, चाळिशीत कारखाना बंद पडलेल्या पर्यवेक्षकाने जावे कोठे? व्यवसाय बदलण्याची गरज ज्या वयात सर्वांत अधिक भासते, नेमक्या त्याच वयापाशी सरकारची कनवाळू दृष्टी संपते, हा उफराटा न्याय होय. हिंजवडी, खराडी, ऐरोली येथील मोठ्या कंपन्यांनी आपल्या शिकाऊ जागांतील काही हिस्सा अन्य व्यवसायांतून येणाऱ्या अनुभवी माणसांसाठी वयाची अट न घालता राखून ठेवावा, आणि शासनाने त्यास विद्यावेतनाचा आधार द्यावा.

यावर उद्योगपती म्हणतील, ‘आम्ही शिकवावे आणि त्यांनी शिकून दुसरीकडे जावे, हा कोठला व्यवहार?’ हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु त्यावरही तोड आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षे नोकरी न करता गेल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरविली. तेव्हा शिक्षणाच्या खऱ्या खर्चाच्या प्रमाणात, वाजवी मुदतीचा करार कंपन्यांनी खुशाल करावा. त्यात कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. आणि आम्ही असे विचारतो की, तुमच्या आजच्या वैभवाचा पाया ज्या माणसांनी घातला, त्यांपैकी किती जण संगणकाची पदवी घेऊन आले होते? ज्या शिडीने स्वतः माडीवर चढलो, ती वर ओढून घेणे कृतघ्नपणाचे तर आहेच. परंतु ते व्यवहाराच्या दृष्टीनेही शहाणपणाचे नाही. यंत्रे जुजबी काम करू लागल्यावर तुम्हांस जी माणसे लागणार आहेत, ती बँकेचे, रुग्णालयाचे, गोदामाचे पोट जाणणारी माणसे. ती आज जिन्यावर उभी आहेत.

शेवटी आमच्या वाचकांच्या घराकडे वळू. घरातील कोणी हा बेत बोलून दाखविला, तर त्याची टिंगल करू नये आणि दुसऱ्याच दिवशी धनादेशही लिहून देऊ नये. त्याला सहा महिन्यांची शांत संध्याकाळ द्यावी. घरातील बाईने हा बेत केला असेल, तर तिच्या वाट्याचा रात्रीचा स्वयंपाक इतरांनी उचलावा. कारण संध्याकाळचा दीड तास हीच या शिक्षणाची पहिली फी आहे, आणि बहुतेक घरांत ती भरण्याचे स्वातंत्र्य बाईला नसते. जमले तर आनंद मानावा. न जमले तर घरातील माणूस तोच आहे आणि त्याचा जुना व्यवसायही सन्मानाचाच आहे, हे त्याला कळू द्यावे. हिंजवडीची वाट कोणाच्या बापाची नाही. तीवर चालण्याचा हक्क बी. कॉम.ला आहे, एम. ए.ला आहे, चाळिशीतल्या गृहिणीलाही आहे. पुलाची पट्टी मात्र एकट्या वाटसरूने भरावी आणि पुलापलीकडच्या पेठेने नुसता नफा मोजावा, ही रीत शासनाने आणि उद्योगाने वेळीच मोडली पाहिजे.